कोहळ्याची अर्धी फोड

ललिता पंचमी, संध्याकाळ

मुलाकडचे पाहुणे आत्ताच पुण्याला परत निघाले. आमच्या रेवतीचं लग्न जमलं की मोडलं, काही कळत नाही, आणि मी मात्र मघापासून एकटाच हसतोय.

दुपारी त्यांना टेंबलाईच्या टेकडीवर नेलं होतं. अंबाबाईची पालखी आली, कोल्हासुराच्या नावानं कोहळा फुटला आणि घरात फोड असली की भरभराट होते म्हणून लोक फोडींवर तुटून पडले. रेवती पदर खोचून त्या रेट्यात शिरली आणि एक फोड घेऊनच बाहेर आली. मुलाचे मामा बघतच राहिले. मग म्हणाले, "राक्षसाचं नाव कशाला हवं गावाला? बदलून टाका की."

मी काहीतरी गुळमुळीत बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मरताना त्यानं देवीकडं तेवढंच मागितलं, मामा. माझं नाव गावाला ऱ्हाऊ दे. देवी व्हय म्हणाली. आता न्हाय म्हणणारे आपण कोण?"

तिच्या आईनं मला खुणावलं, तिला आवरा म्हणून. मी का नाही आवरलं? मारलेल्या वैऱ्याला दिलेला शब्द पाळणारं गाव आहे आमचं. साठी उलटली तरी मला ते असं सांगता आलं नसतं.

निघताना मामांनी हळूच विचारलं, "ती फोड आम्हाला मिळेल का?"

रेवतीनं मोडून अर्धीच दिली. म्हणाली, "उरलेली हितंच ऱ्हाऊ दे. लग्न ठरलं तर घेऊन येते."