दुसऱ्या पानावरची ओळ

सान अन्सेल्मो,
१९ ऑगस्ट

प्रिय देल्मिरा,

तुझं पत्र आणि गुडघ्याचं मलम, दोन्ही मिळालं. मलमाचा उपयोग नाही. छप्पर दुरुस्त झालं. शाळेने निवृत्तीचे कागद पाठवले. एकतीस वर्षं मी तिथे गणित शिकवलं, तरी माझी जन्मतारीख त्यांनी चुकवलीच.

मधमाश्यांचं विचारलं आहेस. मेल्या. आईच्या बावीसच्या बावीस पोकळ ओंडक्यांतली पोळी गेली. सोयाबीनवर विमानाने औषध मारलं, त्याच सकाळी. मेलेली माशी पानात गुंडाळून पुरायची ही आईची रीत. मी घमेल्याने पुरल्या. सांत्वनाचं काही लिहू नकोस.

पुढचं सांगणार नव्हते.

मार्चमध्ये गावची जमीन सोयाबीनवाल्यांना भाड्याने द्यायची होती. गावसभेत सरकारी भाषेतला कागद नेहमीसारखा मीच वाचून आपल्या माया भाषेत सांगितला. पण घरी मध काढता काढता एक ओंडका उघडा टाकून आले होते. मुंग्या लागतील म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. पहिलं पान वाचलं, दुसरं नुसतं उलटलं, "ठीक आहे, करा अंगठे" म्हटलं आणि घरी पळाले. मुंग्या लागल्या नव्हत्या.

फवारणीची परवानगी दुसऱ्या पानावर होती.

गेल्या रविवारी म्हातारे कासियानो आले. आईमागे मला माश्यांचं सगळं शिकवलं ते यांनीच. त्यांचेही चाळीस ओंडके गेले. तोच कागद त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. ऐकून म्हणाले, "बाई, ही ओळ तेव्हा होती का?"

मी म्हटलं, "नव्हती. ते पान त्यांनी मागाहून घातलं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माफ करा बाई. मनात वाईट आलं होतं. बायको म्हणालीच, थेरड्या, बाईंवर संशय घेतोस, जीभ झडेल तुझी."

आता गाव सोयाबीनवाल्यांवर पान घुसडल्याची तक्रार करणार आहे. साक्षीदार मी.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. त्यांचा एकच ओंडका लेकीच्या गावी होता म्हणून वाचला, तो खांद्यावर होता. माझे हात थरथरतात, तुमच्याकडे नीट राहील, म्हणाले. मी घेतला. देल्मिरा, मी तो घेतला.

त्याच्या भोकाशी पहाऱ्याची माशी डोकं बाहेर काढून बसलेली असते. नोकरी होती तेव्हा शाळेआधी तासभर माश्यांपाशी काढायचे. आता दिवसभर मोकळी आहे, आणि तिकडे फिरकत नाही.

उद्या जाऊन त्यांना खरं सांगेन, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. जाणार नाही. मी मला ओळखते.

जिच्या शब्दावर गाव अजून अंगठा उठवतं, ती तुझी बहीण,
फेलिसिआना