खोडलेले शंभर एन

मंगळवार, ९ जून

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण माझा फोन उचलायचा नाही हे व्रत तू दोन वर्षं नेमाने पाळतो आहेस. आईचा गुडघा बरा आहे. वहिनीला सांग, तिने दिलेलं रोप अजून जिवंत आहे.

प्रयोगशाळेत हल्ली तुझ्या जागी मी बसते. काम झकास चाललंय, आणि हे फुशारकीने सांगत नाही. म्हणजे थोडी आहेच. नवं यंत्र आलंय, ते जनुकांचे लांबलचक तुकडे एका दमात वाचतं. पूर्वी आपण चिंध्या सांधत बसायचो, आता चादरच हातात येते.

म्हणून परवा आपला जुना जंतू पुन्हा वाचायला घेतला. हॉस्पिटलच्या वॉर्डातून आलेला, ज्याच्यावरून आपलं वाजलं तोच. त्याच्या जनुकांचे तुकडे जोडताना एका जागी तू 'एन' हे अक्षर शंभर वेळा लिहून ठेवलं होतंस. इथे काय आहे ते माहीत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. जंतूची बहुतेक जनुकं एका मोठ्या वर्तुळात ओवलेली असतात, आणि साहेबांना तर ते भोक नसलेलं, पूर्ण हवं होतं. मी भोकं बुजवणारं सॉफ्टवेअर चालवलं, औषध निकामी करणारं जनुक त्या भोकात बसवून एका दुपारी वर्तुळ पुरं केलं आणि भर बैठकीत म्हणाले, "दादाला शंकाच फार." सगळे हसले. तू अहवालातून नाव काढून घेतलंस आणि महिन्याभरात नोकरीही सोडलीस.

तुझं बरोबर होतं. ते जनुक त्या मोठ्या वर्तुळात नाहीच. ते वेगळ्या, चिमुकल्या वर्तुळावर आहे, आणि ते वर्तुळ एका जंतूतून दुसऱ्यात सहज जातं. माझ्या अहवालावर विसंबून हॉस्पिटलने त्या एकाच जंतूवर नजर ठेवली. आता तेच जनुक दुसऱ्या जातीच्या जंतूत सापडलंय. तीन रुग्ण आजारी पडले. तिघंही सावरताहेत.

हॉस्पिटलला मी त्याच दिवशी कळवलं, तपासण्या सुरू आहेत. दुरुस्तीचा अहवालही तयार आहे. मी लिहिलाय, तेव्हा चांगलाच असणार. त्यात लिहिलं आणि साहेबांनाही सांगितलं, सॉफ्टवेअर चुकलं. त्यांनी मान डोलावली. सॉफ्टवेअर थोडंच उलट बोलायला येतंय.

पण तुला लिहायला बसले आणि ते वाक्य कागदावर उतरेना. सॉफ्टवेअरने इशारा दिला होता, दादा. सांधा कच्चा आहे, आधार फक्त दोन तुकड्यांचा. मी तो वाचला होता. वाचून बंद केला आणि तुझे एन खोडले, कारण मला एकदा तरी तुझ्यापुढे जायचं होतं.

अहवालातलं ते वाक्य आज बदललं. इशारा मी पाहिला आणि दडवला, असं आता तिथे सरळ लिहिलंय. साहेब कदाचित मला काढतील. काढू देत, काम येतं मला. शंका कोणाची खरी ठरली तेही लिहिलंय, पण तुझं नाव घालायला तुझी सही लागते. कागद सोबत आहे. सही कर किंवा करू नकोस, पुढच्या सोमवारी अहवाल जाणार म्हणजे जाणार.

माफी मागते. तोंडदेखली नाही.

हे वाचूनही बहीण म्हणावंसं वाटलं, तर तुझीच,
धाकटी