डोळे मिटायचा तास

बाई, तुम्हाला हे वाचून हसू येईल, पण मी आता मुलांना गप्प बसायला शिकवते. म्हणजे तसं म्हणायचं नसतं. गप्प बसणं वेगळं आणि शांत होणं वेगळं, हे आम्हाला प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस आम्ही शिक्षिका खुर्च्यांवर ताठ बसून स्वतःच्या नाकाकडे लक्ष देत होतो. पडद्यावर मेंदूचं चित्र होतं आणि त्यात भीतीची जागा लाल रंगात दाखवली होती. आमच्या कॉलनीतल्या विहारात लहानपणी दर पौर्णिमेला आम्ही पोरं हेच करत बसायचो, पण ते मी तिथे बोलले नाही. शाळेने फी भरलेली, शिकवणाऱ्या बाई पुण्याहून आलेल्या, कशाला त्यांच्या उत्साहावर पाणी ओतायचं? शेवटी प्रत्येकीला एक छोटी पितळी घंटा मिळाली. आता रोज परिपाठानंतर मी ती वाजवते आणि सहावीची मुलं दहा मिनिटं डोळे मिटतात. वेळापत्रकात त्याला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. आमचे शिपाईमामा ‘डोळे मिटायचा तास’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर सगळी शाळा आता तेच म्हणते.

शाळेत नवीन काही आलं की त्याची स्पर्धा होते, हे तुम्हाला मी काय सांगणार. महिन्याभरातच मुख्याध्यापिका मॅडमनी सर्वांत शांत वर्गासाठी फिरती ढाल ठेवली. मग वर्गावर्गात चुरस लागली. श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं तर पोरं श्वासच रोखून धरू लागली, कारण न हललेलं पोट जास्त शांत दिसतं. एक मुलगा तर त्यात घेरी येऊन बाकाखाली गेला. शिवाय डोळे कोण उघडतं ते बघायला मॉनिटर नेमला गेला. तो फळ्यावर नावं लिहितो. सगळ्या वर्गात डोळे उघडे ठेवायची परवानगी त्याला एकट्याला, म्हणून मॉनिटर व्हायला आता रांग आहे. मी दोनदा मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, मुलांना थोडं उद्दिष्ट लागतंच हो. मी जास्त ताणलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मी मनात भांडते.

त्या प्रशिक्षणात प्रत्येकीला एक शांत आठवण सांगायची होती. मी तुमचा वर्ग सांगितला. नाशिक रोडची रुळाच्या कडेची आपली शाळा, आणि गाडी आली की तुमचं थांबणं. खडू हवेत तसाच, वाक्य अर्धं. पोरांनी बोलायचं नाही, लिहायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं. मनमाडकडची एक्स्प्रेस असली तर लवकर सुटका. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनला कोळसा नेणारी मालगाडी असली तर ती संपता संपायची नाही आणि भिंतीवरचा नकाशा हलत राहायचा. शेवटचा डबा गेला की आवाज पार विरेपर्यंत तुम्ही थांबायचात, आणि मग जिथे तोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तुमच्या बाई काळाच्या पुढे होत्या, असं पुण्याच्या बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. तुमचा घसा कायम बसलेला असायचा, गालात ज्येष्ठमधाची काडी असायची आणि मालगाडीशी ओरडून भांडायची तुमची इच्छा नसायची, हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

पण मला लिहायचंय ते एका मुलीबद्दल. जूनमध्ये ती आमच्याकडे सहावीत आली. गेल्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ शेततळ्यात बुडून गेला, एवढं तिच्या आईने प्रवेशाच्या वेळी कोरडेपणाने सांगितलं होतं आणि लगेच गणवेश कुठे मिळतो ते विचारलं होतं. मुलगी हुशार, डबा वाटून खाणारी, खो-खोत पुढे. तिचं काही बिघडलंय असं वाटावं असं काही नव्हतं. फक्त घंटा वाजली की ती डोळे मिटायची आणि लगेच उघडायची. पुन्हा मिटायची, पुन्हा उघडायची. मग तिचे गुडघे हलू लागायचे, बाक करकरायचा आणि फळ्यावर तिचं नाव लागायचं. तिच्यामुळे ढाल दोनदा हुकली. मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मॅडम मला म्हणाल्या, ही एक मुलगी सोडली तर तुमचा वर्ग नमुनेदार आहे, तिला जरा सराव द्या. मी सराव दिला. मधल्या सुट्टीत तिला समोर बसवून हळू आवाजात श्वास घ्यायला लावला. तिने फार प्रयत्न केला. मग बाकाच्या कडेला तिला उलटी झाली.

त्या दिवशी मला तुमची आठवण झाली, आणि ती हॉलमध्ये सांगितलेली नव्हती. माझे वडील एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात होते. पाळीवरून येऊन दुपारी झोपले होते. आईने चहा टाकला आणि मला म्हणाली, उठव त्यांना. त्यांचे पाय चादरीबाहेर आलेले. मी हाक मारण्याऐवजी तळपायाला गुदगुल्या केल्या. बराच वेळ करत राहिले, कारण ते कधीकधी मुद्दाम झोपेचं सोंग घ्यायचे. अंत्यविधी उरकल्यावर मी शाळेत आले तेव्हा डोळे मिटले की ते पाय दिसायचे. तरी मी मिटायचे, कारण उघडले की खिडकीतून कोळशाची गाडी त्यांच्याच कामावर जाताना दिसायची. एकदा गाडी चालू असताना मी बाकावर डोकं टेकलं होतं. तुम्ही आलात, हनुवटीला धरून माझं तोंड वर केलंत आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, “डोळे उघड. गाडी संपेपर्यंत बघ.” आवाज चढवला नव्हतात, पण बोटं घट्ट होती. मी बघितली. त्यानंतर प्रत्येक गाडीला तुम्ही माझ्याकडे नजर टाकायचात आणि मी बघत राहायचे. हळूहळू पाय दिसायचे कमी झाले. मला तुमचा राग आला होता, आणि तो मी बऱ्यापैकी सांभाळून ठेवला आहे.

तुम्ही ते जाणून केलंत, की वर्गात कोणी झोपलेलं तुम्हाला चालायचं नाही म्हणून केलंत, ते मला आजही कळत नाही. पण दुसऱ्या दिवशी घंटा वाजवण्याआधी मी त्या मुलीला सांगितलं की तू डोळे मिटू नकोस. खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड बघ, रस्त्यावरच्या रिक्षा बघ, काहीही बघ. मॉनिटरला सांगितलं, हिचं नाव लिहायचं नाही. ती ताठ बसून बघत राहिली. गुडघे थांबले. मग मी सगळ्यांनाच मुभा दिली, ज्याला मिटायचेत त्याने मिटावेत. अर्ध्या वर्गाने उघडे ठेवले, ढाल सहावी ‘अ’कडे गेली आणि मॅडम माझ्याशी मोजून मापून बोलू लागल्या. इथपर्यंत मी तुमचंच केलं, बाई. इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

पण माझी तुमच्याबद्दल एक तक्रार होती. दोन वर्षं मी तुमच्या वर्गात होते. तुम्ही माझे डोळे उघडलेत, पण मिटल्यावर काय दिसतं ते एकदाही विचारलं नाहीत. मी वाट बघायचे. शाळा सुटल्यावर दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावायचे. तुम्ही खिडक्या लावून घ्यायचात, चल गं, म्हणायचात, आणि निघायचात. तेव्हा मी ठरवलं होतं की आपण कधी बाई झालो तर विचारायचं. म्हणून परवा मधल्या सुट्टीत, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती डबा खात होती तिथे मी शेजारी बसले आणि विचारलं, “डोळे मिटले की काय दिसतं गं तुला?”

तिने आधी घास संपवला. मग म्हणाली, “मामाच्या मळ्यात होतो आम्ही. मी बांधावर होते आणि तो शेततळ्यात. तो हात वर करत होता. मला वाटलं, टाटा करतोय. मग मी पण टाटा केला.” पुढचा घास मोडत म्हणाली, “लय वेळ केला, मॅडम.” गृहपाठ राहिल्याचं सांगावं तितक्याच आवाजात. मग डब्याला झाकण लावून विचारलं, डबा धुऊन येऊ का? मी म्हटलं, ये.

त्या हॉलमध्ये शिकवलेलं एकही वाक्य तिथे चालणारं नव्हतं. तिला जवळ घ्यायला हवं होतं, हे मला वर्गात पोहोचल्यावर सुचलं. दुपारी मी भूगोल शिकवला, काय शिकवला ते सांगता येणार नाही. घरी आले, भाजी निवडली, ह्यांच्याशी नेहमीसारखं बोलले. तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आला. दाटीवाटीने बसलेली पोरं, त्यातली निम्मी काही ना काही बघून आलेली, आणि तुम्हाला पाच वाजेपर्यंत शिकवायचं असायचं. तुम्ही विचारलं नाहीत ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एवढं लिहायला हरकत नाही. काल सकाळी फाटकावर माझी ड्यूटी होती. मुलं येत होती, मी प्रत्येकाला आत सोडत होते, आणि मनात एकच होतं, आज ती आली नाही तर बरं. ती आली. रिक्षातून उतरली आणि शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघून अगदी मोकळं हसली. मी एका मुलाचं ओळखपत्र सरळ करायचं निमित्त केलं आणि ती आत जाईपर्यंत खाली वाकून राहिले.