अर्धा पाव

वास्को,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. श्रीनाथ,
ताईचे आशीर्वाद.

आई माझ्याकडे बरी आहे. सकाळी पेज घेते, गुडघ्याला तेल लावून घेते. तिची औषधं तुझ्याकडे मांद्र्यालाच राहिली, ती इथे नवी आणली. तुझे फोन उचलले नाहीत, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते.

तुझं गेस्टहाऊस चांगलं झालंय. जेवणघरातले ते लिस्बनहून मागवलेले जुने फोटो मात्र मला पहिल्याच दिवशी किळसवाणे वाटले. पालखीसारख्या मचिलीत रेललेला साहेब, दांड्याखाली वाकलेले आपले लोक, आणि त्यांच्याखाली बसून ऑम्लेट खाणारे तुझे पाहुणे. तुझा धंदा आहे, म्हणून गप्प राहिले.

खिडकीजवळच्या मोठ्या फोटोत बंगल्याच्या पायऱ्यांवर साहेबाचं कुटुंब आहे. मडम तोंडावर रुमाल धरून हसतेय. पाद्रीच्या हातात पावांची टोपली. खाली धुळीत गावची पोरं गुडघ्यांवर, हात पाठीमागे, आणि सगळ्यांत पुढची मुलगी तोंडाने पाव उचलतेय. खाली तू सोनेरी अक्षरांत लिहिलंयस, ‘गोव्याचे रम्य जुने दिवस’.

उद्घाटनाला आई तिथे थांबली आणि हळूच म्हणाली, "ही आमची सत्यू."

"कोण सत्यू?" मी विचारलं.

"माजी थोरली भैण. सत्यवती."

आपल्याला मावशी होती हे आई आजवर कधी बोललीच नव्हती. रात्री जेवताना तिने तुलाही सांगितलं. "हात लावूंक दिनाशिल्ले. तोंडान उचला म्हणालो पाद्री. घरात तेवां काय नव्हतां खावक." तुझे डोळे चमकले. मला वाटलं, पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तू आईला त्या फोटोखाली उभं केलंस. खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलंस, ही तिची सख्खी बहीण. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने टेबलावरच्या टोपलीतला पाव उचलून आईच्या हातात दिला, फोटोसाठी. आई तो धरून उभी राहिली. आणि फोटो तू काढलास, श्रीनाथ. "आई, जरा हास," म्हणालास.

मी तिला हाताला धरून गाडीत बसवलं ते यामुळे. पण एवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. भांडून मोकळी झाले असते.

गाडीत आई बराच वेळ तो हात पदराने पुसत होती. जुवारीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा तिने उरलेलं सांगितलं.

त्या दिवशी गावभर झालं, शांतारामाच्या पोरीने पाद्रीचा पाव खाल्ला, बाटली. शांताराम म्हणजे आपले आजोबा, आईचे वडील. त्यांनी सत्यवतीला ओटीवर ठेवलं. जेवण पत्रावळीवर, लांबून सरकवलेलं. पुढे लग्नांची अडचण होईल म्हणून एका सकाळी ते स्वतः तिला बंगल्यावर घेऊन गेले. म्हणाले, "तुमचो पाव खाल्ल्यान, आता तुमीच पोसा." तिथून तिला बार्देशात सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये पाठवलं. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं.

सत्यवती तेव्हा दहा वर्षांची होती, आई सहाची. आणि त्या पावातला अर्धा सत्यवतीने आईला दिला होता, माडाच्या आड. आजोबांनी वेताने मारून विचारलं, आणखी कोणी खाल्ला? ती म्हणाली, "मी एकटीन."

पाद्रीची किळस येणं सोपं आहे रे. आपल्याच आजोबांची येते तेव्हा काय करायचं, ते मला कळत नाही. तुझ्या काउंटरवर त्यांचा फोटो आहे, रोज ताजा हार घालतोस.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या कॉन्व्हेंटमध्ये गेलो. एका म्हाताऱ्या सिस्टरला आपल्या पेडण्याकडची एक मुलगी आठवत होती. स्वयंपाकघरात कामाला असायची. छातीच्या दुखण्याने गेली, गोवा मुक्त व्हायच्या आधीच. कुंपणाशी क्रूस आहे, त्यावर ‘मारिया’. आईने तिथली माती हाताने सारखी केली. सिस्टरला म्हणाली, "तिचां नाव सत्यू."

आई तुझ्यावर रागावलेली नाही. तुझा डबा कोण करतं, हे विचारते. पण मांद्र्याला यायचं नाव काढलं की उठून आत जाते. फोटो दोन्ही उतरव. जेवणघरातला आणि काउंटरवरचा. एकच उतरवलास तर मला कळवू नकोस.

सत्यवतीची भाची,
पद्मा