वर्गातली खुर्ची

चाकण, मंगळवार, मार्च १९५६

आज सुशीलाच्या पोटऱ्या पाहिल्या आणि डोकंच फिरलं. आमच्या शाळेतली ही मास्तरीण जेमतेम अठ्ठावीसची, आणि शिरा दोरीसारख्या वर आलेल्या! डॉक्टरांनी बजावलंय, दिवसभर उभं राहिलात तर पाय कायमचे जातील.

"मग बस की, बाई!"

"कशावर बसू? वर्गात शिक्षकांना खुर्चीच नसते."

तशीच तरातरा हेडमास्तरांकडे गेले. "शिक्षक म्हणजे काय मांडवाचे खांब वाटले तुम्हाला?"

ते शांतपणे म्हणाले, "बाई, हेडमिस्ट्रेस असताना खुर्च्या तुम्हीच काढायला लावल्यात. बसून शिकवणारा आळशी, असं म्हणायचात."

म्हणायचे खरी. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर कधी बसत नसत. त्यालाच मी शिस्त समजले. माझेही पाय सुजायचे, ते मात्र कुणाला दाखवले नाहीत. का नाही दाखवले?

"मग आता मीच सांगते, खुर्च्या परत आणा."

"आता कसं जमेल? इन्स्पेक्टरसाहेबांनी शेरेबुकात याचीच तारीफ लिहिलीय."

निवृत्त बाईचं कोण ऐकतं! सुशीला फाटकापाशी वाट पाहत उभी होती.

"काय म्हणाले, बाई?"

"झोपताना पायांखाली उशी घेत जा," एवढंच मला सांगता आलं.