पांजरपोळातून आणलेला पंक्च्युअल

देवास, थोरली पाती. ता. ३ फेब्रुवारी १९०९
धारहून सौ.चे पत्र. दसऱ्यास म्हणून भावाकडे गेली, त्यास आज चार महिने एक दिवस झाला. मुक्काम लांबण्याचे कारण तिकडचे हवापाणी, याविषयी माझी खात्री आहे. लिहिते : 'एखादा मुका जीव, न बांधता, आपल्या मर्जीने महिनाभर तुमच्याजवळ राहिला, तर मी परत येईन. न राहिल्यास मला बोलावू नये.' अट स्पष्ट, मुदत स्पष्ट. असा नेमका मसुदा करण्यास ती माझ्याकडूनच शिकली.

ता. ५, सकाळी ९
पांजरपोळात गेलो. एका कानाचे तांबूस कुत्रे पसंत केले. तेथील रखवालदार उमाशंकर म्हणाला, "साब, बेचते नहीं. पालने को ले जाओ. मारना नहीं, बाँधना नहीं. तीन बार अपने पाँव से लौट आया, तो फिर नहीं मिलेगा." मी म्हटले, तीनदा कशास, एकदाही येणार नाही. तो हसला. कारण समजले नाही.
तेथे त्यास भुऱ्या म्हणत. मी 'पंक्च्युअल' ठेवले. तीस दिवसांची मुदत ७ मार्च रोजी पुरी.

ता. ६
टाइमटेबल तयार. तक्ता खांबास जमिनीपासून दीड हातावर लावला, म्हणजे कुत्र्याच्या नजरेसमोर राहील. दिवसातून चार वेळा शीळ. शीळ होताच हजेरी.
अक्का (माझी थोरली बहीण, वैधव्यानंतर इथेच असते) सोवळ्यात दारातूनच म्हणाली, "नीळू, त्याला घड्याळ कळत नाही रे." मी म्हटले, शिकेल. ती म्हणाली, "हो, तीस वर्षांत ती शिकली, तसंच."
वाक्य संदिग्ध आहे.

ता. ९
जेवणास दहा मिनिटे नेमली आहेत. अकराव्या मिनिटास भाकरी उचलली. साडेदहास कुत्रे बेपत्ता, पांजरपोळात सापडले. सौ.चे ताट मी कधी उचलले नव्हते. फक्त घड्याळ समोर ठेवीत असे.

ता. ११
हे 'परतणे' धरता येणार नाही. आमचे घर थोरल्या पातीत, पांजरपोळ धाकट्या पातीत. मध्ये एक रस्ता. रस्ता ओलांडताच राज्य बदलते. सबब कुत्रे परत गेले नसून परराज्यात प्रवासास गेले. या आशयाचा तीन पृष्ठांचा खुलासा उमाशंकरास वाचून दाखविला. मी मुंबईची बुक-कीपिंगची परीक्षा पास. तो फारसा शिकलेला नाही. तरी म्हणाला, "कुत्ते को क्या मालूम साब, कौन-सा राज किसका." एकदा परतले, असे त्याने धरले.

ता. १८
दांडीवर सौ.चे जुने लुगडे होते. पंक्च्युअलने ते ओढून खाली पाडले व त्यावर तोंड टेकून दुपारभर निजला. वस्तू जागेवर नाही, म्हणून मी ती घडी करून पेटीत घातली. संध्याकाळी कुत्रे पांजरपोळात. दोनदा.
अक्का म्हणाली, "ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

ता. १९
आजपासून दारास अडसर. बांधणे मना आहे. दार लावणे म्हणजे बांधणे नव्हे. शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच घ्यावा.

ता. २ मार्च
प्रयोग यशस्वी. कुत्रे दिवसभर घरातच असते. दाराकडे तोंड करून बसते. एकाग्रता वाढली आहे. अन्न निम्म्याने कमी, म्हणजे संयमही आला. सौ.स लिहिले की अट पुरी होण्याच्या बेतात आहे. ७ तारखेस निघावे.

ता. ६ मार्च, सायंकाळी
सौ. एक दिवस आधीच आली. इंदुरावरून टांग्याने, बरोबर बंधू गोपाळराव. वेळेआधी येणे हीसुद्धा एक प्रकारे अनियमितताच. नवे धोतर नेसलो होतो.
कुत्रे तिला पाहून उठले नाही. तिने अडसराकडे पाहिले. विचारले, "हा केव्हापासून?" म्हटले, पंधरा दिवस. अर्थ समजावू लागलो, तो तिने अडसर काढून दार उघडले. कुत्रे उठले, उंबऱ्यावर क्षणभर थांबले आणि गेले.
"बसू या. येतं का पाहू," ती म्हणाली. ओसरीवर दोघे बसलो. इतका वेळ एकत्र बसल्याचे मला स्मरत नाही. ती म्हणाली, "हाक मारून पाहा." मी शीळ घातली. "शीळ नव्हे. हाक." मी नावाने हाक मारली.
दिवेलागणीपर्यंत बसलो.

ता. ७ मार्च
टांगा ७ वाजून १० मिनिटांनी निघाला. गोपाळराव म्हणाले, "येतो, दाजी." सौ.ने अक्कास नमस्कार केला. मला म्हणाली, "प्रकृतीला जपावं." परत केव्हा, असे विचारण्याचे राहून गेले. पत्राने विचारता येईल. तसे 'बोलावू नये' असे तिने पूर्वीच लिहून कळविले आहे.

ता. १२ मार्च, सकाळी
जनावराची निगा कशी ठेवतात, हे पाहण्यासाठी पांजरपोळात गेलो. कालही गेलो होतो. परवाही.
भुऱ्या एका आंधळ्या बैलाच्या पायाशी निजला होता. माझ्याकडे पाहून पुन्हा डोळे मिटले. उमाशंकरास म्हटले, तपासणीस किती वेळ लागेल, सांगता येत नाही. बसण्यास कोणाची परवानगी लागते काय. त्याने गवताची पेंढी पुढे सरकवली.
"बैठो, भिया. यहाँ सब अपने पाँव से ही आते हैं."