मशीनवाल्या मावशींचा ब्लॉग कोणाच्या हाती

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती आणि उतारवयात त्याच विषयावर ब्लॉग लिहिणं, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चहा पिऊन झाल्यावर लिहून ठेवते. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आणायला कोणी धजावणारही नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो लिहिता लिहिता त्यांनी आपल्या आईच्या मशीनचा पट्टा का निसटतो ते विचारून घेतलं, त्यामुळे तपासणी दोन्ही बाजूंनी झाली असं समजावं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखं काही नाही.

माझं राहतं घर, पुढच्या खोलीसह, मुलगा आणि मुलगी यांना समसमान द्यावं. पुढची खोली म्हणजे वर्कशॉप. ते सासऱ्यांनी उभं केलं. लग्नानंतर त्यांनी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "पोरी, तुझी बोटं बारीक आहेत, आतपर्यंत पोचतील." तेव्हापासून ती आतच आहेत, आणि माझं आयुष्य मजेत गेलं.

बँकेतली शिल्लकही समसमान. भांडायला पुरेल एवढी नाही.

हत्यारं मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. माझी बारीक पकड तिने एकदा पळवली होती. परत आणली तेव्हा उकळून, पुसून, डबीत घालून आणली. हत्यारांची एवढी बडदास्त मी कधी ठेवली नाही.

वन्संनी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेलं हातमशीन मी आता रीतसर त्यांच्या नावे करते. म्हणजे दर भेटीत "अगं, पाठवणारच होते" असं म्हणायचा त्यांचा त्रास वाचेल. ते नीट चालावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता मुख्य मालमत्ता, म्हणजे ब्लॉग. आतले सगळे लेख, फोटो आणि पासवर्डसकट. यावरून घरात दोन तट आहेत. मुलगा म्हणतो, "आई, तुझ्यानंतर बघणार कोण? बंद करून टाकू, कशाला व्याप." त्याचं अगदीच चूक नाही, वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण दरवर्षी तोच करतो. जावईबापू म्हणाले, "आई, मला द्या." हे ऐकल्यावर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे घास हातात राहिले.

त्याचं कारण नोंदवून ठेवते. जावईबापूंनी एकदा इंटरनेट मार्केटिंगचा एक प्रोग्रॅम घेतला होता. झोपेतही कमाई होते असं शिकवणारा. तो घेतल्यापासून त्यांची झोपच उडाली. आधी आत शिरायचे पैसे, मग बसायचे, मग मार्गदर्शक साहेबांशी बोलायचे. "आई, तुमचा ब्लॉग म्हणजे सोन्याची खाण आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "खणा, पण खड्डा बुजवून जा." माझ्या होकाराला एवढीच अट होती.

आठवड्यात ब्लॉगची रया गेली. पान उघडलं की समोर गिफ्टचा डबा उड्या मारी. ऑफर संपायला दहा मिनिटं उरल्याचं घड्याळ पळे. पान पुन्हा उघडलं की परत दहा मिनिटं. एक टूल असं बसवलं होतं की मी लिहिलेल्या शब्दांना आपोआप दुकानांच्या लिंक चिकटत. मशीनला तेल घाला असं मी लिहिलं, तर त्यावर केसांच्या तेलाचं दुकान उघडायचं. एका काकांनी ते खरोखर मागवून मशीनमध्ये घातलं. मशीन अडकलं, पण घरभर सुवास पसरला असं त्यांनी कळवलं. मी हसून हसून खुर्चीत वाकले.

मग एक प्रतिक्रिया आली. एका बाईंनी लिहिलं होतं, "हे गेले. त्यांच्या मशीनवर मी बसते तर टाका सैल पडतो. कसा घट्ट करू?" उत्तर द्यायलाही एक टूल होतं. क्षणात माझ्या नावाने उत्तर गेलं, "अभिनंदन. तुमच्यासारख्या भाग्यवान वाचकांसाठी आज खास सवलत."

जावईबापू तेव्हा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंना माफीची मेल केली, पत्ता विचारला आणि दुसऱ्या दिवशी बस धरून थेट त्यांच्या दारात गेले. या गृहस्थांनी तोवर घरातला बल्बही बदलला नव्हता. व्हिडिओ कॉलवर मी सांगत होते, "वरचा नाही, बॉबिनच्या डबीवरचा बारीक स्क्रू. हळूच. लग्न झालंय तुमचं माझ्या मुलीशी, घाई कुठेच चालत नाही हे एव्हाना कळायला हवं." पलीकडे बाई हसल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी नवऱ्याच्या शर्टाच्या कापडावर एक सरळ शिवण घातली. टाका घट्ट बसला. जावईबापूंनी कॅमेरा शिवणीवर धरला होता.

परत आल्यावर त्यांनी सगळी टूलं स्वतः काढून टाकली. पैसे परत मागितले, तर मार्गदर्शक साहेब म्हणाले, "तुमची मानसिकता कमी पडली." तेव्हापासून जावईबापू वाचकांना स्वतः उत्तरं लिहितात. अडलं की मला विचारतात, आणि हल्ली फारसं अडत नाही.

म्हणून मुलाची हरकत ऐकून घेऊन, ती प्रेमाने बाजूला ठेवून, मी असं लिहून देते की ब्लॉग संपूर्णपणे जावईबापूंचा. दुखावल्या गेलेल्या वाचकाच्या दारात जाऊन उभा राहिलेला या घरात तो एकच माणूस आहे. नूतनीकरण मुलाने चालू ठेवावं. कुरकुर करायला हरकत नाही. जाहिरात घ्यायची तर वस्तू आधी स्वतः वापरून बघावी, आणि पैसे मिळत असतील तर तसं लेखातच लिहावं.

शेवटची अट. माझ्या नावाने कोणतंही उत्तर आपोआप जाऊ नये. मी गेल्यावर कोणी लिहिलं, "मावशी आहेत का?" तर खरं ते सांगावं, की मावशी नाहीत. पण तिथे थांबू नये. लगेच विचारावं, "मशीनला काय झालंय?"

हे सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहून सही केली आहे.

सही: मशीनवाल्या मावशी
(कागदोपत्री नाव दाखल्यावर आहे)

आमच्यासमोर मावशींनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. समोरचे सायकल दुरुस्तीवाले
२. शाळेच्या ग्रंथपाल बाई

स्थळ: वर्कशॉप, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: शिक्क्यावर आहे तो; वार रविवार, ऊन छान पडलं आहे